शब्दांचा पाल्हाळ की ठिपक्यांची रांगोळी?

प्रश्न : आमची पाच जणांची टीम दूध संघांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करते. दर, बोनस आणि कपातीचे नियम हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले आहेत. एका सहकाऱ्याने 'आणि', 'किंवा', 'अधिक', 'किमान' अशी फंक्शन्स करून ठेवली आहेत, म्हणजे नियम वाक्यासारखा वाचता यावा. दुसरी सहकारी तेच काम ठिपका (.) आणि डॉलर ($) ही चिन्हं वापरून एका ओळीत बसवते. ती म्हणते, त्याचा कोड म्हणजे पाल्हाळ. तो म्हणतो, तिचा कोड म्हणजे मोडी लिपी, लिहिणाऱ्यालाच वाचता येते. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोडातला बदल मंजुरीला आला की, वाद होतो. नवीन लागलेल्या मुलाला दोघांचंही कळत नाही. एकच शैली ठरवायची आहे. कोणती ठरवू? — एक टीम लीड, सांगली

उत्तर : आधी निकाल सांगतो, मग कारणं. दुधाच्या धंद्यातले शब्द शब्दांतच राहू द्या: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), सकाळ, संध्याकाळ, अनामत, कपात. त्यांना जोडणारे सांधे चिन्हांत ठेवा, आणि चिन्हं मोजकीच, सगळ्यांना पाठ असलेली. तुमच्या सहकाऱ्याने सांधेही शब्दांत केले, तिथे तो फसला. सहकारीने मालसुद्धा चिन्हांत कोंबला, तिथे ती फसली. (खालच्या कोडातली नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत घातली आहेत. तुमच्या फायलीत ती अर्थातच रोमन असतील.)

रोजचंच सूत्र घेऊ. लॅक्टोमीटरच्या सीएलआरवरून (तापमानानुसार दुरुस्त केलेल्या आकड्यावरून) एसएनएफ काढायचं. स्थिरांक ठिकठिकाणी थोडे वेगळे असतात, इथे ०.२१ आणि ०.३६ धरू:

    एसएनएफ = सीएलआर / ४ + ०.२१ * फॅट + ०.३६

सीएलआर २८ आणि फॅट ३.५ असेल तर ७ + ०.७३५ + ०.३६, म्हणजे ८.०९५. आता तुमच्या सहकाऱ्याच्या पद्धतीने:

    एसएनएफ = सीएलआर `भागिले` ४ `अधिक` ०.२१ `गुणिले` फॅट `अधिक` ०.३६

शाळेतल्या मुलालाही वाचता येईल असं वाक्य. उत्तर येतं २५.५९५. कारण असं: हास्केलमध्ये बॅकटिकमध्ये (` या खुणांत) घातलेल्या फंक्शनला तुम्ही प्राधान्य (कोणती क्रिया आधी) जाहीर केलं नाही, तर त्याला आपोआप 'इन्फिक्सएल ९' मिळतं. म्हणजे सगळ्यांना सारखंच प्राधान्य आणि कंस डावीकडून. गुणाकार आधी, बेरीज नंतर, हे शाळेत शिकलेलं इथे कुणालाच ठाऊक नाही. २८ भागिले ४ झाले ७, त्यात ०.२१ मिळवून ७.२१, त्याला ३.५ ने गुणून २५.२३५, अधिक ०.३६.

चिन्हं वापरली की आपोआप बरोबर येतं, असंही समजू नका. केनेथ आयव्हरसन यांच्या ज्या लिखाणपद्धतीतून पुढे एपीएल ही भाषा झाली, त्या एपीएलमध्ये चिन्हंच चिन्हं आहेत, पण सगळ्यांना सारखं प्राधान्य आणि हिशेब उजवीकडून. तिथे पहिलंच सूत्र जसंच्या तसं, त्यांच्या भागाकार-गुणाकाराच्या चिन्हांत उतरवलं तर ५.८२ येतं. एकाच ओळीची तीन उत्तरं. त्यामुळे 'वाचायला सोपं' ही कसोटी पुरत नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यातले कंस आणि कंपायलरचे कंस एकच आहेत का, ते आधी बघायचं. अंकगणिताच्या चिन्हांबाबत हास्केलने शाळेचेच कंस ठेवले आहेत, म्हणून तिथे चिन्हंच वापरा. कोबोलसारख्या भाषेनेही, जिचा सगळा डोलारा इंग्रजी वाक्यांवर उभा होता, सूत्रांसाठी 'कॉम्प्युट' हे क्रियापद ठेवलं आणि त्यापुढे सरळ चिन्हं चालवून घेतली. आपल्याकडे भास्कराचार्यांनी गणितं श्लोकांत घातली, पण अव्यक्त संख्येचं समीकरण मांडायची वेळ आली की 'यावत्तावत्'चा 'या' आणि 'रूपा'चा 'रू' एवढीच अक्षरं शिल्लक राहायची. प्रश्न श्लोकात आणि मांडणी खुणांत. तुमच्या टीमने एवढं जरी पाळलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

२५ एसएनएफ दिसलं तर संकलन केंद्रावरचा पोरगाही हसेल आणि चूक त्याच दिवशी सापडेल. नियमातली चूक अशी हसवत नाही, ती गुपचूप पैसे खाते. जादा दराचा एक नियम बघा (बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी):

    जादादर = सभासद `किंवा` बल्ककूलर `आणि` फॅटकिमान ३.५

इथे प्रत्येक तुकडा म्हणजे नोंद घेऊन हो की नाही सांगणारं फंक्शन. प्राधान्य जाहीर केलेलं नसेल तर कंस डावीकडून पडतात: (सभासद किंवा बल्क कूलर) आणि फॅट. म्हणजे सभासदालाही फॅटची अट लागू. आता तुमची सहकारी साफसफाई करायला घेते आणि शब्दांच्या जागी ठिपकेवाली चिन्हं घालते, नेहमीच्या '&&' आणि '||' सारखीच, 'आणि'ला ३ आणि 'किंवा'ला २ प्राधान्य देऊन:

    जादादर = सभासद .||. बल्ककूलर .&&. फॅटकिमान ३.५

आता कंस पडले सभासद किंवा (बल्क कूलर आणि फॅट). ३.१ फॅटचं दूध घालणाऱ्या सभासदालाही जादा दर मिळाला. टाइप तेच, कंपायलर गप्प, आणि चाचण्यांमध्ये कमी फॅटचा सभासद कुणी घातलाच नसेल तर चाचण्याही हिरव्या. पुल रिक्वेस्टमध्ये हा बदल 'फक्त शैलीचा' म्हणून मंजूर होतो.

असे नियम संघाच्या हिशेबनीसाला दाखवायचे असतील, तर दोन्ही शैली सोडा आणि यादी वापरा:

    जादादर = सर्व [कोणतेही [सभासद, बल्ककूलर], फॅटकिमान ३.५]

शब्द आहेत, पण प्राधान्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कंस उघड दिसतात. थोडं कमी वाक्यासारखं वाटेल. वाटू द्या. ज्याला कोड येत नाही तोही बोट ठेवून सांगू शकतो की फॅटची अट कुणाकुणाला लागू आहे, आणि नियम वाक्यासारखा लिहायचा हेतू तरी तोच होता ना?

नकाराचं तर आणखी वाईट. कोबोलमध्ये अट आखूड करून लिहिता येते: प्रकार ए किंवा बी नसेल तर. मराठी माणूस याचा अर्थ घेतो, दोन्हीपैकी एकही नसेल तर. कोबोल त्याचा विस्तार करतो 'प्रकार ए नसेल, किंवा प्रकार बी नसेल'. ए आणि बी वेगवेगळे असतील तर ही अट कायमच खरी. कित्येक कोबोलवाले या एका वाक्यात अडकले असतील. भाषा वाक्यासारखी दिसली की माणूस व्याख्या उघडून बघत नाही. ओळखीचा शब्द दिसला की त्याचा ओळखीचा अर्थ धरून पुढे जातो. अनोळखी चिन्हापाशी निदान थांबतो तरी.

हास्केलच्या स्वतःच्या ग्रंथालयातही असे गोड शब्द आहेत, आणि बिलाच्या कामात दोन हमखास चावतात. पहिला 'राउंड'. तो अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो: २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. पैशांचा हिशेब करणाऱ्या हिशेबनीसाला अर्धा म्हणजे वर, एवढंच ठाऊक. तुमचं स्वतःचं 'पैशातपूर्णांक' असं फंक्शन करा, नियम त्यात लिहा, आणि 'राउंड' थेट वापरायला बंदी घाला. रक्कम पूर्णांक पैशांतच साठवा. दुसरा शब्द 'ऑल'. 'दहा दिवसांच्या बिलात सगळ्या वेळा फॅट ३.५ किंवा जास्त असेल तर ठोक बोनस', हा नियम 'ऑल' वापरून लिहिला की ज्याने दहा दिवसांत एकदाही दूध घातलं नाही, तो पात्र ठरतो. रिकाम्या यादीवर 'ऑल' नेहमी खरं सांगतं. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, बोनसच्या दृष्टीने नाही. अशा नियमात आधी 'किमान इतक्या नोंदी' ही अट घालायची, आणि किती ते संघाला विचारायचं.

आता तुमच्या सहकारीकडे वळू. वैयाकरणाला अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याएवढा आनंद होतो, असं संस्कृतात एक वचन आहे. तिची जात तीच दिसते. तिचं पूर्णपणे चुकत नाही. चिन्हाची खरी कमाई अशी की त्याला कायदे असतात, आणि कायदे असले की कोड डोळ्यांनी हलवता येतो. 'मॅप' यादीतल्या प्रत्येकावर एक फंक्शन लावतं. 'मॅप फ' आणि 'मॅप ग' एकामागोमाग असतील तर ठिपक्याने त्यांचं एक करता येतं:

    मॅप फ . मॅप ग  =  मॅप (फ . ग)

मधली यादी वाचली. गाळणं आणि बदलणं यांची अदलाबदल मात्र इतकी सरळ नाही:

    फिल्टर प . मॅप फ  =  मॅप फ . फिल्टर (प . फ)

शेवटचा 'प . फ' विसरलात तर अट चुकीच्या गोष्टीवर लागते: रकमेवर लावायची ती लिटरवर. दोन्ही आकडेच असतील तर टाइपही अडवत नाही, म्हणून लिटर आणि रक्कम यांचे टाइप (मूल्यांचे प्रकार) 'न्यूटाइप'ने वेगळे करा. हे दोन नियम मराठीत वाक्य करून सांगायचा प्रयत्न करून बघा, चार ओळी लागतात आणि तरी खात्री पटत नाही. इथे चिन्ह जिंकतं.

म्हणून कसोटी अशी ठेवा: ज्या क्रियेला कंस कुठेही टाकले तरी उत्तर तेच येतं, ती चिन्हाला लायक. ठिपका, म्हणजे फंक्शनांची जोडणी, तशी आहे. दोन याद्या किंवा दोन बिलांचे तुकडे चिकटवणारं '<>' तसंच आहे. 'कपात लागू कर' ही क्रिया तशी नाही: रकमेतून पशुखाद्याची कपात करून उरलेल्यावर टक्केवारीची लावा, किंवा टक्केवारी आधी पशुखाद्याच्या कपातीलाच लावून मग ती रकमेतून काढा, उत्तरं वेगळी येतात. तिला चिन्ह दिलंत तर वाचणारा गैरसमजाने कंस हलवेल. तिला नाव द्या.

आणि जिथे दोन आगतं (फंक्शनला दिलेली मूल्यं) आत जातात तिथे ठिपक्यांची रांगोळी थांबवा. तिच्या शैलीतली एक ओळ:

    देय = (सम .) . झिपविथ (*)

बरोबर आहे. लिटरची यादी आणि दराची यादी घेते, जोडीजोडीने गुणते, बेरीज करते. पण कशाच्या याद्या, हे ओळीत कुठेच नाही. तीच ओळ नावं देऊन:

    देय लिटर दर = सम (झिपविथ (*) लिटर दर)

जेमतेम दहा-बारा अक्षरं वाढली आणि पुनरावलोकन करणाऱ्याला प्रश्न सुचला: दोन याद्यांची लांबी सारखी नसेल तर? 'झिपविथ' तक्रार करत नाही, आखूड यादी संपली की थांबतं. दहा दिवस, दोन वेळा, वीस नोंदी. एका वेळेचा दर भरायचा राहिला की एकोणीस दर. शेवटच्या वेळचं दूध बिलातून गायब, आणि दर मधलाच राहिला असेल तर पुढचे सगळे दर एकेक वेळ सरकलेले. पहिल्या ओळीकडे बघून हा प्रश्न कुणाला सुचला असता असं वाटत नाही. खरा इलाज म्हणजे लिटर आणि दर एकाच नोंदीत ठेवणे, दोन समांतर याद्या नकोतच.

एचलिंट हे हास्केलचा कोड तपासणारं साधन जमेल तिथे 'आगत काढून टाका' असा सल्ला देतं. तो डोळे झाकून मानू नका; त्याच्या सेटिंगच्या फायलीत ती सूचना बंद करता येते. एका ओळीत जास्तीत जास्त तीन ठिपके ठेवा. चौथा आला की 'व्हेअर'खाली नाव देऊन तुकडा खाली उतरवा.

वाक्यासारखं लिहायचं म्हणताना कुणाच्या वाक्यासारखं, हाही प्रश्न आहे. ठिपक्याची साखळी उजवीकडून डावीकडे चालते, शेवटचं काम आधी लिहायचं. मराठी वाक्य तसं चालत नाही. आपण म्हणतो: नोंदी घेऊन, वैध तेवढ्या गाळून, रक्कम काढून, बेरीज करून, अनामत वजा करा. माल आधी, क्रियापद शेवटी, आणि मधले सगळे सांधे 'ऊन'. हास्केलमध्ये हे काम '&' करतं; ते २०१५ पासून डेटा.फंक्शन या मॉड्यूलमध्ये तयार मिळतं:

    बिल नोंदी =
      नोंदी
        & फिल्टर वैध
        & मॅप रक्कम
        & सम
        & वजा अनामत

एफ शार्प, एलिक्सर, ओकॅमल आणि एल्म या भाषांमध्ये याच कामाला '|>' आहे. प्रत्येक ओळीला एक पायरी असल्यामुळे गिटमध्ये बदल एका ओळीचा दिसतो, आणि मधल्या पायरीला काय येतंय ते बघायचं असेल तर तिथे एक तपासणीची ओळ घालून नंतर काढता येते. 'वजा'मध्ये आगतांचा क्रम जपा: पहिलं जे वजा करायचं ते, दुसरं ज्यातून करायचं ते. उलट लिहिलंत तर अनामतीतून बिल वजा होईल. नव्या मुलाला हीच मांडणी आधी शिकवा. मात्र '&', ठिपका आणि डॉलर एकाच ओळीत मिसळू नका. '&' डावीकडून बांधतं आणि त्याचं प्राधान्य १, डॉलर उजवीकडून आणि प्राधान्य ०, ठिपका उजवीकडून आणि प्राधान्य ९. तिन्ही आले की डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे.

परवानगीची यादी छोटी असू द्या: अंकगणित, तुलना, '&&', '||', ठिपका, डॉलर, '&', '<>', '<$>' आणि '<*>'. बास. नव्या चिन्हासाठी चार अटी: त्याचा कायदा क्विकचेकच्या (आपोआप उदाहरणं पाडून तपासणाऱ्या साधनाच्या) चाचणीत लिहिलेला असावा, प्राधान्य जाहीर केलेलं असावं, शब्दातलं दुसरं नाव सोबत असावं, आणि किमान तीन ठिकाणी ते लागत असावं. एल्मवाल्यांनी २०१८ च्या ०.१९ आवृत्तीत स्वतःची चिन्हं करायची सोयच काढून टाकली. इतकं टोकाला जायची मला गरज वाटत नाही, पण त्यांना कशाचा वैताग आला असेल ते समजतं. एखाद्या चिन्हाचं प्राधान्य आठवत नसेल तर जीएचसीआयमध्ये, म्हणजे हास्केलच्या संवादी खिडकीत, 'इन्फो' आज्ञा देऊन विचारा, टाइप आणि प्राधान्य दोन्ही सांगते. चिन्हाने शोधायचं असेल तर हूगल हे हास्केलचं शोधसाधन चालतं, साधं सर्च इंजिन बहुतेक वेळा चिन्ह गिळून टाकतं.

जुना कोड बदलताना क्रम चुकवू नका. आधी एकही शब्द न काढता, 'आणि', 'किंवा', 'अधिक', 'गुणिले' असलेल्या प्रत्येक ओळीत आज कंपायलर जिथे कंस मानतो तिथे उघड कंस लिहा. अर्थ बदलणार नाही, फक्त दिसायला लागेल. एवढीच एक स्वतंत्र पुल रिक्वेस्ट. मग मागच्या दोन-तीन दहावाड्यांची (दहा दिवसांच्या मुदतींची) बिलं जुन्या आणि नव्या कोडातून काढून पैशापैशाने ताडून बघा. एकही पैसा फरक आला तर कंस चुकला. त्यानंतरच चिन्हं किंवा याद्या घाला आणि पुन्हा ताडा.

कंस उघड केल्यावर काही नियमांत तुमच्या सहकाऱ्याच्या मनातला अर्थ एक आणि कोडातला दुसरा, असं निघेल. 'जादादर'च्या ओळीत तर निघेलच. तेव्हा आपसात मतदान घेऊ नका. संघाचं परिपत्रक काढा, त्यातही 'सभासद किंवा बल्क कूलर आणि फॅट' असंच मोघम लिहिलेलं असेल तर वर दिलेली यादीची ओळ छापून हिशेबनीसाला दाखवा आणि फॅटची अट सभासदाला आहे का, हे लेखी घ्या. आजवर चुकीचा दर गेलेला असेल तर फरकाची रक्कम किती, हेही तेव्हाच मोजून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे.